यारोचे मूळ गाव

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात वसलेल्या फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो आदी नगरांत जी अनेक मराठी कुटुंबे आज स्थायिक झाली आहेत, आणि ज्यांच्याकडे इकडचे आईवडील अधूनमधून काही महिन्यांच्या मुक्कामाला जातात, त्यांच्या घरांपुढील हिरवळीविषयी मला आग्रहाने काही लिहावयाचे आहे. जेथे मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस जवळजवळ पडतच नाही, अशा प्रदेशात ओलसर हवेच्या देशांतले गवत बारमाही हिरवे राखावयाचे, म्हणजे बव्हंशी सिएरा नेवाडा पर्वताचे वितळलेले बर्फ नळाने दूरवर आणून मातीत ओतावयाचे. कॅलिफोर्नियातील शहरी पाण्यापैकी सुमारे निम्मे घराबाहेर, मुख्यतः बागांवरच, खर्च होते. २०१२ पासून ओढवलेल्या दीर्घ अवर्षणात, १ एप्रिल २०१५ रोजी, एरवी ज्या ठिकाणी त्या दिवसांत पाच फूट बर्फ असावयाचे अशा सिएरातील एका कुरणात कोरड्या गवतावर उभे राहून गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपातीचा हुकूम जाहीर केला, आणि पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून तेथे कमी पाण्यावर जगणारी झाडे लावण्याचे कलमही त्यात घातले.

त्या हिरवळीच्या जागी अन्य काही वनस्पतींबरोबर यारो लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. झेंडू आणि शेवंती यांच्याच कुळातील ही बहुवर्षायू वनस्पती. तिची पाने बडीशेपेच्या पानांसारखी बारीक चिरलेली, गंध किंचित उग्र, आणि वसंताच्या अखेरीपासून पुढे फुलणारे पांढऱ्या चिमुकल्या फुलांचे तिचे सपाट गुच्छ असे रचलेले की अगदी लहान तोंडाच्या कीटकालाही मध सहज मिळावा. देशी मधमाश्या, फुलपाखरे, मावा खाणारे भुंगेरे, फूलमाश्या, किडींच्या अळ्यांवर उपजीविका करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या, अशा सर्वांचा तिच्यावर राबता असतो. त्यामुळे शेजारच्या भाजीच्या वाफ्यालाही तिचा उपयोग होतो. जमिनीखालून सरकणाऱ्या खोडांनी ती पसरते, सांभाळून कापली तर पायाखालीही टिकते, आणि एकदा मुळे धरली की उन्हाळ्यात क्वचित दिलेल्या पाण्यावर निभावते. खत आणि पाणी यांचा अतिरेक मात्र तिला मानवत नाही. दांडे लुळे पडून आडवे होतात.

आता कोणी विचारील की, जी वनस्पती युरोपात सर्वत्र उगवते, काश्मीरच्या कुरणांत आढळते आणि युनानी हकिमांच्या दप्तरात बिरंजासिफ म्हणून नोंदलेली आहे, तिला कॅलिफोर्नियाची देशी वनस्पती कोणत्या आधाराने म्हणावे? हा आक्षेप क्षुल्लक नाही, आणि त्याचे उत्तर त्याच राज्यात झालेल्या एका थोर प्रयोगात आहे. कार्नेगी संस्थेचे येन्स क्लाउसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या तीन शास्त्रज्ञांनी समुद्रकाठापासून सिएराच्या माथ्यापर्यंत निरनिराळ्या उंचीवरची यारोची झाडे गोळा केली, आणि एकेका झाडाचे तुकडे करून तेच झाड तीन ठिकाणी लावले: समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवरच्या स्टॅनफर्ड येथे, सुमारे १,४०० मीटरवरील मेदर येथे, आणि वृक्षरेषेजवळ, ३,००० मीटरहून अधिक उंचीवर. हवामानानेच झाडाचा पिंड घडत असता, तर पर्वतमाथ्यावरचे खुजे झाड खालच्या उबेत येताच उंच वाढावयास हवे होते. तसे झाले नाही. ते खालीही खुजेच राहिले, आणि सखल भागातली पुष्कळ झाडे वरच्या थंडीत तग धरू शकली नाहीत. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने हे निर्विवाद दाखवून दिले की, एकाच नावाखाली नांदणाऱ्या या वनस्पतीत त्या त्या स्थानाशी पिढ्यानुपिढ्या जुळत आलेले स्वतंत्र वंश आहेत, आणि त्यांचे ते जुळलेपण त्यांच्या बीजात उतरलेले आहे.

म्हणून घरमालकाने दुकानात जाऊन नुसती यारो मागू नये. तेथे लाल, गुलाबी, पिवळ्या रंगांच्या ज्या देखण्या जाती विकावयास असतात, त्यांतील पुष्कळशा युरोपीय वंशाच्या किंवा संकरित आहेत. त्यांना यारो म्हणणे खोटे नाही, परंतु तेवढ्याने त्या कॅलिफोर्नियाच्या ठरत नाहीत. सोनोमाच्या किनाऱ्यावरून किंवा सांताक्रूझ बेटावरून निवडलेल्या जाती देशी रोपवाटिकांत मिळतात, आणि त्यांहूनही उत्तम म्हणजे आपल्याच परगण्यातून गोळा केलेले बी, जे शरदात पहिल्या पावसाच्या सुमारास, उजेड लागतो म्हणून मातीत न पुरता, वरच्यावर दाबून पेरावे. गर्भवती स्त्रियांनी तिचा औषध म्हणून उपयोग करू नये, आणि घरात कुत्रे वा मांजर असेल तर ते ती खाणार नाही याकडे लक्ष असावे. गृहसंकुलाचे मंडळ हरकत घेईल ही भीती मात्र आता बाळगण्याचे कारण नाही. कमी पाण्याच्या झाडांना सरसकट मनाई करण्याचा अधिकार तिथल्या कायद्याने अशा मंडळांकडून काढून घेतला आहे.

आपल्या लोकांना हा विचार परका वाटू नये. कढीलिंबावर पोसला जाणारा एक कीटक लिंबूवर्गीय झाडांचा असाध्य रोग पसरवतो, म्हणून त्याच राज्याच्या कृषिखात्याने बाधित क्षेत्रांतून कढीलिंबाची रोपे हलविण्यावर निर्बंध घातले आहेत, आणि तेथील मराठी गृहिणींना रोप कोठून आले हा प्रश्न विचारणे त्यामुळे भागच पडते. तोच प्रश्न फुलझाडांनाही लावावा, एवढेच माझे मागणे.

इकडे महाराष्ट्रात यारोचे बी मागवून पेरण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये. आपल्या पावसाळ्याची उष्ण, दमट हवा तिला सोसणारी नाही आणि तिचे येथे काही कामही नाही. येथे निर्गुंडी, कुडा, अडुळसा, बहावा आहेत. परंतु आपल्या रोपवाटिकांत, सरकारी असोत वा खाजगी, यांची रोपे विकत घेताना ती कोणत्या जिल्ह्यातल्या, कोणत्या रानातल्या बियांपासून वाढविली याचा उल्लेख पाटीवर सहसा नसतो. वन खात्याने आणि महानगरपालिकांच्या उद्यान विभागांनी प्रथम आपल्या रोपवाटिकांत अशी नोंदवही ठेवावी, प्रत्येक देशी रोपाच्या पाटीवर बियाण्याचा तालुका लिहिण्याची सक्ती करावी, आणि रोप मागणाऱ्याने ती पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.