सध्या काय करतोस?

दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसायचा. "आबा, तुम्ही पण बघा. कार्टून आहे, पण लेकरांचं नाही." माणसं जपानी बोलणार, खाली इंग्रजी अक्षरं पळणार. माझे डोळे मागं पडायचे, मग तो थांबवून सांगायचा. असे पाच-सहा रात्रींत चोवीस भाग झाले. पंचाहत्तरीच्या मास्तरानं कार्टूनवर लिहावं का? लिहितो आपला.

मालिकेचं नाव 'वेलकम टू द एनएचके'. तात्सुहिको ताकिमोतो यांची कादंबरी २००२ची, मालिका २००६ची. नायक सातो बावीस वर्षांचा. कॉलेज सोडून जवळपास चार वर्षं खोलीत कोंडून घेतलेला. एनएचके म्हणजे तिकडची सार्वजनिक वाहिनी, आपल्या दूरदर्शनसारखी. पण याच्या डोक्यात पक्कं बसलंय, की ती एक गुप्त संघटना आहे आणि माणसांना एकलकोंडं करायचं कारस्थान तीच करते! खोलीतल्या वस्तू याच्याशी बोलतात. मी पोट धरून हसलो.

मग त्याची आई भेटायला येते. तिच्यासमोर तो खोटी नोकरी आणि खोटी मैत्रीण उभी करतो. तिथं माझं हसू थांबलं.

आमच्या नात्यात असा एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीतच आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी केली, वयाची तिशी आली, परत आला आणि माडीवरच्या खोलीत गेला. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या जत्रेला अख्खं हिमायतनगर लोटतं, हा खाली उतरत नाही. आई ताट दाराशी ठेवते.

मागं एकदा मी मास्तरकीच्या तोऱ्यात वर गेलो. दार उघडल्यावर पहिलाच प्रश्न, "सध्या काय करतोस?" मग आमच्या वेळच्या कष्टांचं व्याख्यान. त्यानं सगळं ऐकून घेतलं, "बरं काका" म्हणाला आणि हळूच दार लावलं. त्यानंतर ते माझ्यासाठी उघडलं नाही.

आपण अशाला माणूसघाणा म्हणून मोकळे होतो. सातोला माणसांची घाण नाही, भीती आहे. १९६३ सालच्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकरही पुण्याहून गावी परतलेलाच. तेही पुस्तक वाचताना आपण आधी हसतो. अशा पोराला आपली फजिती आपल्यापेक्षा जास्त कळते. आपण ती पुन्हा मोजून दाखवतो, एवढंच.

शेवटाकडे सातोचे घरून येणारे पैसे बंद होतात आणि भुकेपोटी तो कामाला लागतो. नातू म्हणाला, "बघा, हाच उपाय." आमच्या पारावरही हेच ऐकू येतं, ताट बंद करा म्हणजे उतरेल खाली. मला हे पटत नाही. भुकेच्या आधी त्याच्यासाठी मिसाकी नावाची मुलगी रात्री बागेत येऊन बसत होती, शेजारचा यामाझाकी दारात येत होता. उपाशी माणसालाही बाहेर पडायला ओळखीचं कुणी लागतं. आणि खुद्द जपानात काय झालं? तिथं या प्रकाराला हिकिकोमोरी म्हणतात. २०२२च्या सरकारी पाहणीनुसार अशी माणसं सुमारे साडेचौदा लाख. ऐंशीचे आईबाप आणि पन्नाशीचं खोलीतलं लेकरू, या दुखण्याला त्यांनी '८०५०' असं नावच दिलंय. आईबापांना ताट बंद करता येत नाही, मंडळी. करूही नये.

नातू गेल्यावर मी पुन्हा माडी चढलो. दार वाजवलं नाही. पायरीवर बसलो आणि दाराकडे बघून म्हणालो, "अरे, एक कार्टून बघितलं. त्यात फ्रीज बोलतो." बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कोणतं?"

दार उघडलं नाही अजून. पण मी सांगत होतो आणि तो ऐकत होता. उद्या पुन्हा जाणार आहे. नातेवाईक मंडळींना हात जोडून एकच सांगणं, त्याच्या घरी जाल तेव्हा तो एक प्रश्न तेवढा खालीच ठेवून या.