काटा मारणारा हात कोणाचा?

गळीत हंगाम लागला की वेळापूरच्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या असतात. त्या वजनकाट्यावर चढतात, आणि काट्यावर बसलेल्या कारकुनाला कधीतरी वरून निरोप येतो: "आकडा जरा दाबून मांड." काटामारीची ही तक्रार साऱ्या साखरपट्ट्याची आणि पिढ्यांची जुनी आहे. हिशेब करा. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने बांधलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये. खेपेत पाचशे किलो गिळले तर शेतकऱ्याचे १,७०० रुपये गेले. आणि पावतीवर सही कोणाची? कारकुनाची!

आज आमचा रोख चेअरमनांवर नाही. त्यांच्यावर लिहून लिहून महाराष्ट्रातली शाई आटली, त्यांना लाज काही आली नाही. रोख आहे तो "वरून सांगितलंय, आपण काय करणार?" या वाक्यावर. पतसंस्थेचे बोगस कर्जप्रकरण याच वाक्यावर मंजूर होते, रोजगार हमीचा खोटा हजेरीपट याच वाक्यावर भरतो. साहेब तोंडी बोलतात. लेखापरीक्षकाला सापडते ते कारकुनाचे अक्षर. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली वसुलीची चौकशी लागली की साहेबांचा तो निरोप कुठल्याच कागदावर नसतो!

म्हणून अशा निरोपाला नकार द्या, असे आम्ही म्हणतो; त्या नकाराची किंमतही आम्हाला ठाऊक आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलभेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळले. तरीही पुढच्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी नोकरीत असताना सिंचनातल्या गैरकारभारावर सरकारला पत्र लिहिलेच. अशांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला आणि सरकारने तो लागूच केला नाही. हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. शिवाय तो कायदा सरकारी कारभारापुरता. खासगी कारखान्यातल्या कारकुनाला त्याची सावलीही नाही.

आणि गाव? माउलींची पालखी मुक्कामाला आली की वेळापूर पायघड्या घालते. पण खोटी पावती नाकारणाऱ्याची बदली झाली, की तेच गाव पारावर बसून हसत म्हणते, "शहाणपणा नडला!" चोरापेक्षा हे हसू त्याला जास्त मोडते.

कारकुनांनो, तोंडी हुकूम लेखी मागा. सरकारी नोकराला तर १९७९ च्या वर्तणूक नियमांनीच ते बंधन घातले आहे. लेखी मिळत नसेल तर तारीखवार टिपण ठेवा, अर्ज देऊन पोच घ्या, एकटे न जाता दोघेतिघे मिळून जा. काट्याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करा. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आणि वेळापूरकरांनो, खोटी सही नाकारली म्हणून कोणाची नोकरी गेली, तर त्याच्या घरची चूल आणि कोर्टाचा खर्च गाव सांभाळेल, असा ठराव ग्रामसभेत करा. पुढच्या हंगामाची मोळी पडण्याआधी करा!