पहाऱ्याखालचा बोगदा



हिजाब नियमाप्रमाणे नाही म्हणून इराणच्या पोलिसांनी ताब्यात घेतलेली महसा जीना अमिनी ही २२ वर्षांची कुर्द तरुणी १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये मरण पावली. ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ म्हणत बायका रस्त्यावर आल्या. काही दिवसांतच सरकारने इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बंद पाडलं. तरीही बातम्या बाहेर येत राहिल्या. ज्या वाटांनी हे साधतं, त्यातली एक म्हणजे ‘सिक्युअर शेल’चा बोगदा.

सासरी पत्रं फोडली जातात म्हणून मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्र मागवणाऱ्या बायका आपल्याला माहीत आहेत. हे तसंच आहे. परदेशातल्या एखाद्या संगणकाशी कुलूपबंद जोडणी करायची आणि बाकीची सगळी ये-जा तिच्यातून न्यायची. पहारेकऱ्याला जोडणी दिसते, आतला मजकूर दिसत नाही. १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी हे साधन बनवलं ते बंडासाठी नव्हे, विद्यापीठाच्या जाळ्यावरची पासवर्डची चोरी थांबवण्यासाठी. म्हणूनच जगभरचे संगणक-व्यवस्थापक ते रोज वापरतात, आणि त्यावर सरसकट बंदी घालणं सत्तेलाही महागात पडतं.

पण भाबडेपणा नको. जोडणी आहे एवढं कळलं तरी ती तोडता येते, मंद करता येते. पलीकडचा संगणक ज्याच्या हातात, त्याच्यावर विश्वास टाकावाच लागतो. आणि समुपदेशनाच्या कामात मला रोज दिसतं, की बाईचा फोन आधी नवरा तपासतो, सरकार नंतर. फोनच दुसऱ्याच्या हातात असेल तर बोगदा काय कामाचा?

शिवाय बोगद्याला मुळात रस्ता लागतो. मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये इंटरनेटच बंद केलं गेलं. ४ मे रोजी बायकांची विवस्त्र धिंड काढली गेली. देशाने ती चित्रफीत पाहिली १९ जुलैला. अडीच महिने! तिथे कुठलीही तांत्रिक युक्ती पुरी पडली नसती.

म्हणून तंत्र शिकूया, पण लढाई कायद्याचीही आहे. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील. आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं, तर पहिल्याच दिवशी आदेशाची प्रत मागायची. आदेश कोणाचा, कारण काय, मुदत किती, हे लेखी विचारायचं. बाईचा आवाज दाबणाऱ्याला जाब विचारण्याची आपली रीत जुनीच आहे. ती इथेही चालवूया.