शब्दाला वाक्य, वस्तूला जागा



भाषेच्या अभ्यासात एक तत्त्व आपणांस वारंवार भेटते : शब्दाचा अर्थ कोशात सुरू होतो, पण पूर्ण होतो तो वाक्यात. ‘पान’ झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे की जेवणाचे, हे शेजारचे शब्द ठरवतात. पुरातत्त्वविद्येलाही हेच तत्त्व लागू पडते. जमिनीतून निघालेली वस्तू हा सुटा शब्द आहे. ती किती खोलीवर, कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होती, हे तिचे वाक्य. वाक्य मोडून शब्द उचलला, तर चमक हाती लागते आणि अर्थ निसटतो. म्हणून वारसा जपणे म्हणजे सर्वप्रथम हे वाक्य जपणे, आणि ते जपण्याची पहिली संधी तज्ज्ञाला नव्हे, तर स्थानिक सामान्य माणसाला मिळते, असे माझे मत आहे. ते तपासण्यासाठी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक या काउंटीचे उदाहरण घेऊ. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.

प्रथम नावांकडे पाहू. कारण गावाचे नाव हाही जमिनीवर राहिलेला एक अवशेषच असतो. ‘सफोक’ म्हणजे दक्षिणेकडचे लोक. शेजारचे ‘नॉरफोक’ म्हणजे उत्तरेकडचे लोक. रोमन सत्ता संपल्यावर समुद्रापलीकडून आलेल्या अँगल लोकांच्या राज्याचे हे दोन भाग होते. याच काउंटीतील ‘सटन हू’ या स्थळाच्या नावात ‘सटन’ म्हणजे दक्षिणेकडील वस्ती. ‘हू’ हा अंश टाच या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला असून तेथे त्याचा अर्थ पुढे आलेला उंचवटा असा आहे. आपणही ‘डोंगराची सोंड’ म्हणतोच. भूमीला शरीराचे अवयव देण्याची ही रीत दोन दूरच्या भाषांत सारखी आढळते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

सटन हू येथे नदीकाठच्या उंचवट्यावर मातीचे जुने ढिगारे होते. जमिनीच्या मालकीणबाई एडिथ प्रेटी यांनी ते उकरण्याचे काम इप्सविच संग्रहालयामार्फत १९३८ साली बॅझिल ब्राउन यांच्याकडे सोपवले. या गृहस्थांचा परिचय दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना विशेष जवळचा वाटेल. त्यांची शाळा बाराव्या वर्षी सुटली आणि ते वडिलांच्या शेतावर राबू लागले. पुढे त्यांनी संध्याकाळच्या वर्गांना हजेरी लावली आणि पत्रद्वारा शिक्षण घेऊन १९०७ साली खगोलशास्त्र, भूगोल व भूशास्त्र या विषयांच्या पदविका मिळवल्या. खगोलविषयक नकाशांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती.

मे १९३९मध्ये सर्वांत मोठ्या ढिगाऱ्यात त्यांना गंजलेले लोखंडी रिव्हेट लागले. सोने शोधणाऱ्याने ते बाजूला फेकले असते. ब्राउन यांनी ते जागेवरच ठेवले आणि माती आतल्या बाजूने अलगद काढत नेली. तेथील आम्लधर्मी वाळूत जहाजाचे लाकूड केव्हाच नष्ट झाले होते. उरली होती ती रिव्हेटांची रांग आणि वाळूत उमटलेला फळ्यांचा ठसा. तो ठसा वाचला गेला म्हणून सुमारे २७ मीटर लांबीचे जहाज जगाला दिसले. त्याच्या मध्यभागी सातव्या शतकाच्या प्रारंभीच्या एका राजपुरुषाचे दफन होते. तो बहुधा पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. सोन्याचे अलंकार, शिरस्त्राण आणि नाणी पुढे केंब्रिजहून आलेल्या चार्ल्स फिलिप्स यांच्या देखरेखीखाली बाहेर निघाली. परंतु त्या वस्तू एका जहाज-दफनाचा भाग आहेत, हे वाक्य शाबूत राहिले ते ब्राउन यांच्या संयमामुळे.

याच काउंटीत मिल्डनहॉल येथे नेमके उलटे घडले. जानेवारी १९४२मध्ये गॉर्डन बुचर नावाच्या नांगऱ्याच्या फाळाला रोमन काळातील चांदीची भांडी लागली. चौतीस नगांचा हा संग्रह ज्याच्यासाठी तो नांगरत होता, त्या गृहस्थाच्या घरी गेला, घासूनपुसून साफ झाला आणि तेथेच राहिला. अधिकाऱ्यांसमोर त्याची रीतसर चौकशी झाली ती १९४६ साली. भांडी अप्रतिम आहेत आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण ती कशात ठेवली होती, कोणत्या क्रमाने रचली होती, आसपास काय होते, याची समाधानकारक नोंद नाही. परिणामी ती सफोकच्या मातीत सापडलीच नाहीत, युद्धकाळात विमानाने बाहेरून आणली गेली, अशी शंकाही घेतली गेली. शब्द सुंदर होता, परंतु वाक्य हरवल्यामुळे त्याच्या सच्चेपणाचीच साक्ष देण्याची वेळ आली.

पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर १९९२मध्ये, सफोकमधील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधण्यासाठी त्याचे स्नेही एरिक लॉज हे निवृत्त माळी धातुशोधक यंत्र घेऊन गेले. यंत्राने हातोडीऐवजी सोन्याचांदीची जागा दाखवली. लॉज यांनी काही वस्तू वर काढल्या, पण तळापर्यंत खणण्याचा मोह आवरून खोदणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा पद्धतशीरपणे उचलला. सुमारे १५,००० रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास इतर सोन्याचांदीच्या वस्तू त्यात होत्या. त्याहून मोलाचे असे की, हा ऐवज लाकडी पेटीत, आतील लहान डब्यांमध्ये कसा निगुतीने मांडला होता, हे समजले. नाण्यांवरून तो इ. स. ४०७नंतर केव्हातरी पुरला गेला हे ठरले. म्हणजे ब्रिटनमधील रोमन सत्तेचा शेवट होत असताना एका श्रीमंत घराने केलेली ती निरवानिरव होती. लॉज यांना मिळालेले बक्षीस त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडीही सापडली आणि तीही ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचली!

येथे एक आक्षेप येणे रास्त आहे. हौशी माणसांच्या हाती धातुशोधक यंत्रे देणे आणि सापडलेल्या ऐवजाबद्दल बक्षीस ठेवणे म्हणजे लोभाला आमंत्रणच नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने असा शोध घेता येतो. पण रात्री चोरून शेते धुंडाळणारेही तेथे आहेत. सफोकमधील रेंडलशॅम येथे अशीच चोरी होत होती. मात्र तेथील जमीनमालकाने काउंटीच्या पुरातत्त्व विभागाला कळवले आणि २००८पासून निवडक विश्वासू यंत्रधारकांनी तज्ज्ञांबरोबर शेते पद्धतशीर पिंजून काढली. प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवली गेली. नांगराने वर आलेल्या त्या लहानसहान वस्तूंपैकी बहुतेक एकेकट्या क्षुल्लक होत्या. नकाशावर एकत्र मांडताच त्यांतून एक मोठी वस्ती उभी राहिली. आठव्या शतकात बीड या मठवासी इतिहासकाराने रेंडलशॅमचा ‘राजग्राम’ म्हणून उल्लेख केला होता आणि त्या नावाचा अर्थ ‘रेंडिलचे घर’ असा दिला होता. २०२२ साली तेथे २३ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा लाकडी राजगृहाचे अवशेष उघडे पडले. ग्रंथातील एका ओळीला मातीने दुजोरा दिला. चोरट्यांच्या हाती पडलेले तुकडे मात्र या नकाशातून कायमचे वगळले गेले आहेत.

म्हणून आक्षेपाचे उत्तर यंत्र किंवा बक्षीस यांत शोधण्यापेक्षा नोंदीत शोधावे, असे मला वाटते. १९९७पासून इंग्लंड व वेल्समध्ये सामान्य नागरिकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी सार्वजनिक योजना चालू आहे आणि तिच्यात पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. कायद्याने ‘ट्रेझर’ ठरणाऱ्या वस्तू कळवणे बंधनकारक आहे. बाकीच्या लोक आपण होऊन दाखवतात. विश्वासावर उभी असलेली ही व्यवस्था निर्दोष नाही, पण केवळ बंदी घालून हे ज्ञान हाती आले असते असे म्हणता येणार नाही.

भाषेचा एक धागा येथे आपल्यापर्यंत पोहोचतो. इंग्रजी कायद्यातील ‘ट्रेझर ट्रोव्ह’ या जुन्या फ्रेंच वळणाच्या संज्ञेचा अर्थ ‘सापडलेले धन’. आपण म्हणतो ‘गुप्तधन’, म्हणजे लपलेले धन. एकात सापडण्यावर भर, दुसऱ्यात लपण्यावर. दोन्हींत केंद्रस्थानी धनच! सटन हूच्या चौकशीतही प्रश्न असा होता की, पुरणाऱ्याचा हेतू ऐवज परत काढण्याचा होता काय? दफनात तो हेतू नसतो, म्हणून ऐवज एडिथ प्रेटी यांचा ठरला आणि त्यांनी तो राष्ट्राला देऊन टाकला. भारतातही याच संज्ञेचा १८७८चा कायदा असून, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. रुपयांचे हे माप वस्तूची किंमत सांगते. तिच्या जागेची किंमत सांगणारा शब्द मात्र या संज्ञांत नाही. खापराचा तुकडा दहा रुपयांचाही नसेल, तरी एखाद्या वस्तीचा काळ ठरवण्याचे सामर्थ्य त्याच्यात असते.

तुमच्यापैकी अनेकजण शेती, नोकरी, संसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. तुमच्या गावात जुन्या वस्तीची ‘पांढर’ असेल, नाव टिकून राहिलेले पण गढी नाहीशी झालेले शेत असेल, विहीर खणताना निघालेली खापरे असतील. त्यांना हात लावण्यापूर्वी जागा टिपून ठेवा : गट क्रमांक, खोली, शेजारी काय होते, लोक त्या जागेला काय म्हणतात. स्वतः खोदू नका. संबंधित अधिकाऱ्यांना कळवा. शेताचे नाव वयस्कर माणसांच्या तोंडून ऐकून जसेच्या तसे लिहिणे हे तर मराठीच्या विद्यार्थ्याचेच काम आहे. त्यासाठी लागते ती एक वही, आणि नोंद करण्यापूर्वी वस्तू न उचलण्याचा संयम.