बॅग नंतर, फॉर्म आधी!

पेणचे गणपती दरवर्षी बोटीत बसून परदेशी जातात, तेही चतुर्थीच्या कितीतरी आधी. आता पेणकर आणि रोहेकरही निघालेत. डोलवीला किंवा धाटावच्या एमआयडीसीत जॉब, हातात चार पैसे, आणि यंदा आई-बाबांना ‘फॉरेन’ दाखवायचंच! झकास. फक्त बॅग भरण्याआधी फॉर्म भरा. कारण हल्ली विमानात बसायचं की चेक-इन काउंटरवरूनच घरी परतायचं, हे एका ऑनलाइन फॉर्मवर ठरू शकतं.

आधी गोंधळ निस्तरू. श्रीलंकेने २०१२ साली ‘ईटीए’ आणलं. म्हणजे निघण्यापूर्वीच ऑनलाइन घेतलेली प्रवासाची परवानगी. व्हिएतनामचा ई-व्हिसा असतो. ऑगस्ट २०२३पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो, सिंगल एंट्रीची फी २५ डॉलर. थायलंडने १ मे २०२५पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं. मलेशियात ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आपल्याला व्हिसा नको, पण डिजिटल कार्ड हवंच. ही दोन्ही कार्डं पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायची. त्यामुळे ‘महिनाभर आधी उरकून टाकू’ हा उत्साह इथे कामाचा नाही. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा!

आणि हो, अमेरिकेचं ‘एस्टा’, ब्रिटनचं ‘ईटीए’, युरोपचं ‘एटियास’ ही नावं ऐकून हुरळू नका. ज्यांना तिथे व्हिसा लागत नाही, त्या देशांच्या पासपोर्टसाठी ती सोय आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे रीतसर व्हिसाच काढावा लागतो.

आता खिशाची गोष्ट. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसते ती साइट सरकारीच असते, असं नाही. झेंडा, राजमुद्रा, सगळं अस्सल वाटतं आणि फुकटच्या कार्डाचे डॉलर कापले जातात. थायलंड आणि मलेशियाचं कार्ड मोफत आहे, सिंगापूरचंही. पैसे मागितले, की खिडकी बंद! पत्त्याचं शेपूट बघायची सवय लावा. थायलंडचं ‘डॉट गो डॉट टीएच’, मलेशियाचं ‘डॉट जीओव्ही डॉट एमवाय’, श्रीलंकेचं ‘डॉट जीओव्ही डॉट एलके’. पैसे गेले तर एक वेळ ठीक, पण पासपोर्टचा फोटो आणि कार्ड नंबर भलत्याच्या हाती जातो, त्याचं काय?

खरी मेख मात्र नावात असते. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये दोन्ही नावं असतील, तर फॉर्ममध्येही दोन्ही टाका. आईच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे का, तेही तिकीट काढण्याआधी पाहा. नोव्हेंबर २०२२मध्ये यूएईने एकाच नावाच्या पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून येणाऱ्यांना मनाई केली होती.

जन्मस्थळाचंही तेच. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं १९८१ साली. त्याआधीच्या दाखल्यांवर ‘जिल्हा कुलाबा’ असतं, आणि परक्याला तो मुंबईतला कुलाबा वाटला तर नवल नाही. म्हणून फॉर्म दाखल्यावरून नाही, पासपोर्टवरून उतरवा. तिथे ‘रोहा’ असेल तर रोहा, ‘रोहे’ असेल तर रोहे.

सबमिट दाबण्याआधी चार गोष्टी तपासा:

- पासपोर्ट नंबर. आपल्याकडे एक अक्षर आणि पुढे सात आकडे. म्हणजे पहिल्या अक्षरानंतर जे गोल दिसतं ते शून्यच, ‘ओ’ नाही.
- तारीख. आधी दिवस की आधी महिना, ते वाचा.
- पासपोर्टची मुदत. निदान सहा महिने शिल्लक असावी.
- ई-मेल. स्वतःचा द्या आणि स्पॅम फोल्डरही उघडा.

नियम बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या शब्दावर विसंबू नका. बुकिंगच्या आधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा, सरकारी साइट उघडाच.

आणि शेवटी, सगळं मोबाइलमध्ये असलं तरी दोन प्रिंट काढा. एक तुमच्या बॅगेत, एक बाबांच्या शर्टाच्या खिशात. काउंटरवर ‘पेपर आहे का?’ विचारलं, की तो कागद ऐटीत पुढे करताना त्यांचा चेहरा बघाच!