मोडीच्या भावातली भातुकली

नवरात्र जवळ आले की आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातील जुन्या घरांचे माळे झाडले जातात. पावसाळ्यात ओल धरलेली पोती, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि दुकानाच्या जुन्या वह्या खाली उतरतात, आणि त्यांच्यामागून कधीकधी एखादा पत्र्याचा डबा येतो. झाकण उघडावे तर आत बोटभर उंचीची कळशी, रुपयाएवढा तवा, चिमटा, झारा, पोळपाट-लाटणे आणि सुपारीएवढ्या मुठीचा खलबत्ता. ज्या मुलींसाठी हे घेतले त्या आता आज्या झालेल्या असतात. दारात भंगारवाल्याचा टेम्पो उभा असतो. डबा काट्यावर चढतो, पितळेचा भाव लागतो आणि दोन-तीन पिढ्यांचा खेळ भट्टीच्या वाटेला लागतो.

बाहुलीघरे आणि त्यांतील इवले सामान स्वस्तात जमवण्याचा छंद ज्याला आहे, त्याची या किनाऱ्यावरची खरी स्पर्धा दुसऱ्या संग्राहकाशी नसून या टेम्पोशी आहे. शहरातील दुकानात पोहोचलेली वस्तू पुन्हा केव्हातरी हाती येऊ शकते. मुशीत गेलेली येत नाही.

बाहुलीघर म्हणून जे युरोपात प्रसिद्ध आहे, त्याचा जन्म मुलांच्या खेळातून झालेला नाही. बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५८ च्या सुमारास असे एक घर करवून घेतले, ते वैभवाचे प्रदर्शन म्हणून. पुढे १६७४ च्या आगीत ते जळाले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात पेट्रोनेला ओर्टमन या बाईंचे बाहुलीघर आहे. त्यांचे पती रेशमाचे व्यापारी. सुमारे १६८६ ते १७१० या काळात बाईंनी ते सजवले, त्यासाठी चिनी मातीची चिमुकली भांडी थेट चीनहून मागवली, आणि एकंदर खर्च कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीच्या घरात गेला, असे म्हणतात. व्यापारी घरातील स्त्रीने परदेशी माल, कारागिरी आणि हौस यांचा असा जमाखर्च मांडावा, हे वाचून आपल्याकडच्या पेढीवाल्यांच्या घरांतही कुणाला तरी हसू येईल.

आपल्या भातुकलीला मात्र भिंती नव्हत्या. पडवीच्या कोपऱ्यात खडूने किंवा रांगोळीने चार रेघा ओढल्या की घर झाले. दार कुठे आहे ते खेळणाऱ्यांना ठाऊक असे. त्यामुळे जुन्या माळ्यावर बाहुलीघर शोधणाऱ्याच्या हाती बहुधा स्वयंपाकघरच लागते. चूल, जाते, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, रोवळी, किसणी, शेवेचा सोऱ्या, आणि कोकणातले घर असेल तर मोदकपात्र व नारळ खवण्याची विळी. पलंग, पाळणा, झोपाळा, चौरंग हे लाकडी सामान त्या मानाने विरळा. कोकणातील वाळवी आणि दमट हवा यांनी त्याचा बराच हिशेब आधीच चुकता केलेला असतो. म्हणून पितळी बंबापेक्षा शाबूत लाकडी पाळणा दिसला तर त्यावर आधी हात ठेवावा.

आणखी एक फरक नवख्या संग्राहकाला महागात पडतो. परदेशी पद्धतीचे बाहुलीघर बहुधा एकास बारा या प्रमाणात बांधतात, म्हणजे फुटाला इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात तयार झालेले विंडसरचे प्रसिद्ध घर याच प्रमाणाचे आहे. भातुकलीला असे प्रमाण नसते. तीत तांब्या चुलीएवढा असू शकतो. दोन इंचांची कळशी एकास बाराच्या घरात दोन फुटांची होते आणि पाच इंचांची बाहुली तिच्याजवळ उभी राहिली तर कळशी तिच्या मांडीपर्यंत येते. म्हणून तयार लाकडी घर आधी घेऊन मग त्यात भातुकली कोंबण्यापेक्षा आपल्याच भातुकलीच्या मापाचे घर गावातल्या सुताराकडून करून घेणे स्वस्तही पडते आणि शोभतेही.

स्वस्त माल मिळण्याच्या जागा किनाऱ्यावर अनेक आहेत, पण त्यांचे दिवस ओळखावे लागतात. अलिबागजवळ वरसोलीची विठोबाची जत्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते. त्यानंतर मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीस, चौल-भोवाळ्याच्या टेकडीपाशी पाच दिवसांची जत्रा लागते. जत्रेत भातुकलीचे संच मिळतात ते बहुतेक नवे, स्टीलचे आणि प्लास्टिकचे; तरी लाकडी पोळपाट-लाटणे, मातीची चूल, बांबूचे सूप अशा वस्तू अधूनमधून हाती लागतात आणि शेवटच्या संध्याकाळी विक्रेत्याला ओझे परत न्यायचे नसते. चैत्रगौरीच्या आणि गणपती-गौरीच्या आराशीत खेळणी मांडण्याची रीत असल्याने त्याआधी भाव चढतो. घासाघीस करायची तर सण उलटल्यावर करावी. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेली मातीची माणसे, झोपड्या, विहिरी यांचेही तसेच. पाडवा झाला की कुंभाराच्या दारात उरलेला माल पडून असतो.

जाणत्यांनाही सहसा न सुचणारी जागा म्हणजे रुखवत. लग्नात मांडलेल्या रुखवतात इवला संसार असतो: हंडा-कळशीची उतरंड, चिमुकले देवघर, लोकरीच्या गाद्या घातलेला पलंग, काड्यापेटीच्या खोक्यांचे कपाट. लग्न झाले की हे सारे खोक्यात जाते आणि वर्षानुवर्षे कुणी विचारीत नाही. त्यात जुने पितळ क्वचितच असते, पण फर्निचरची उणीव भरून काढणारे सामान इथेच मिळते, पुष्कळदा मागितल्याबरोबर.

मुंबईला जाणे-येणे असणाऱ्यांना मटण स्ट्रीटचा चोरबाजार ठाऊक असतो. शुक्रवारी तेथे पदपथावरही माल मांडतात. पायधुनीला गोडीजीच्या दर्शनाला गेलेल्यांना तांबाकाट्याची भांड्यांची बाजारपेठ काही पावलांवर आहे. गंमत अशी की रायगडच्या किनाऱ्यावरून वजनावर गेलेला मालच अशा दुकानांत नगावर विकला जाताना दिसू शकतो. २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो बोटीने गाडीसकट जाता येते. तेव्हा किनाऱ्याचा माल शहरात पोहोचायला पूर्वीसारखा दिवस मोडत नाही.

परखेविना स्वस्ताई म्हणजे फसगत. लहान दिसते ते सारे भातुकलीचे नसते. पूजेची पळी-पंचपात्री, कुंकवाचा करंडा, औषध द्यायचे बोंडले, तेल-तुपाची जुनी मापे, सराफाच्या तागडीच्या वाट्या, हे सगळे ‘भातुकली’ या एकाच नावाने खपवले जाते. १९५८ पासून दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि पेढ्यांवरची जुनी मापे निरुपयोगी होऊन घरात शिरली. त्यांतली काही मुलींच्या खेळात गेली. अशा मापाच्या बुडाशी किंवा काठाशी छाप असतो, तो पाहावा. व्यापारी घराला तर भातुकलीपेक्षा ते मापच अधिक मोलाचे वाटावे.

जुने भांडे ओळखण्यास डोळ्यांपेक्षा बोटे उपयोगी. पूर्वीचा तांबट मोठी कळशी जशी पत्रा ठोकून आणि सांधा डाकून करी, तशीच लहानही करी. म्हणून जुनी कळशी हाताला हलकी लागते आणि तिच्या पोटावर ठोक्यांच्या खुणा असतात. आतून कधी कल्हईचा पुसट थर दिसतो. मुली त्यात खरोखर चुरमुरे, गूळ, चिंचेचे पाणी ठेवीत, त्यामुळे आतली झीज आणि बाहेरची झीज वेगळी असते. नवी ‘अँटिक’ वस्तू बहुधा जाड ओतीव, वजनदार आणि सर्वत्र सारखीच काळवंडलेली. खरा काळेपणा खाचेत बसतो, उंचवट्यावर टिकत नाही. मुरादाबाद हे पितळकामाचे मोठे केंद्र. तिथला नवा माल नवा म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही, जुन्याचे मोल मात्र त्याला देऊ नये. घरी आणल्यावर आम्लाने चकचकीत करण्याचा मोह टाळावा. चिंचेचे पाणी, मऊ कापड आणि मग पूर्ण कोरडे करणे पुरते. खाऱ्या हवेत ओलसर पितळेवर हिरवट थर फार लवकर धरतो.

जैन घरातील संग्राहकाला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जुन्या डब्या, सोंगट्या, पलंगाचे खूर यांत हस्तिदंत निघू शकतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि हस्तिदंताची खरेदी-विक्री आज गुन्हा आहे. परंतु श्रावकाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य त्याच्या कितीतरी आधीपासून वर्ज्य सांगितले आहे. त्याच यादीत लाक्षावाणिज्यही आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि रंगकाम यांची कीर्ती मोठी, चितार आळीतील फळे आणि भातुकली पाहून कुणालाही भूल पडावी. तरी लाखेचे काम कोणते आणि साध्या रंगाचे कोणते, हे विचारून घेणारा ग्राहक तेथील कारागिराला नवा वाटणार नाही.

परखेहून अवघड प्रश्न भावाचा आहे, आणि तो दारातल्या काट्यापाशीच उभा राहतो. समजा, संग्राहक टेम्पोच्या आधी पोहोचला. म्हातारी डबा पुढे करते आणि म्हणते, “मोडीचा भाव द्या, झालं.” चाळीस ग्रॅमचा एक नग धरला तर पंचवीस नगांचे एक किलो होते. काटा खरा आहे, भाव त्या दिवसाचा आहे, बाईंनी तो स्वतःच्या तोंडाने मागितला आहे. हिशेबात कुठेही खोट नाही. पण घेणाऱ्याला ठाऊक आहे की यातल्या एका बंबाचे शहरात या साऱ्या डब्याहून अधिक येतील. खोटी तागडी, खोटे माप हा अचौर्यव्रताचा अतिचार, हे या घरांत मुले लहानपणी शिकतात. येथे तागडी खरी आहे, केवळ ती या वस्तूसाठी नव्हे. कापड काट्यावर आणि धान्य गजाने कुणी मोजत नाही.

यावर व्यापारी बुद्धी दोन्ही बाजूंनी बोलते. शोधायला गेलेला दिवस, बोटीचे भाडे, दहा घरांतून रिकाम्या हाताने परतणे, न विकला गेलेला माल, हे सारे दुकानदाराच्या भावात असते आणि ते त्याचे रास्तच आहे. म्हणून शहरातील पूर्ण किंमत दारात देणे कुणालाच बंधनकारक नाही. परंतु छंदासाठी घेणाऱ्याचे दुकान नसते, त्याला नफा काढायचा नसतो; मग नफ्याची जागा तो कोणासाठी राखून ठेवतो? मार्गानुसारीच्या पस्तीस गुणांत न्यायसंपन्न वैभव पहिले सांगितले आहे, आणि ते केवळ गल्ल्यावर बसलेल्या माणसासाठी सांगितलेले नाही. निदान एवढे तर करता येते: डबा घेण्याआधी म्हणावे की हे मोडीत घालण्यासारखे नाही, याला याहून जास्त येतात. हे वाक्य उच्चारले की भाव थोडा चढतो. कधी बाई डबा परत आत नेते आणि सौदा फिसकटतो. तरीही भातुकली भट्टीतून वाचते, आणि संग्राहक मुळात त्यासाठीच तर आला होता.

डबा मिळालाच तर तो फोडू नये. दुकानदार संच फोडतात, कारण बंब एकाला, जाते दुसऱ्याला विकले तर अधिक येते; झाकण एका घरी आणि पातेले दुसऱ्या घरी जाते ते असेच. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्याच्या व्यवसायातले. त्यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली, गावोगाव फिरून, जुन्या घरांतून आणि बाजारांतून. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे राहिलेले ते संग्रहालय १९७५ मध्ये त्यांनी राज्य शासनाला दिले. पुण्यातलेच विलास करंदीकर यांनी हजारो वस्तूंची भातुकली जमवून तिची ठिकठिकाणी प्रदर्शने केली. एवढा परिग्रह प्रत्येक घराला झेपणारा नाही आणि परिमाण ठरवलेल्या घराला तर मुळीच नाही. एक संच, एक फळी, पुरे.

त्या फळीवर संचाबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: कोणत्या गावातून आला, कोणाच्या आईने कोणत्या जत्रेत घेतला, कोणती वस्तू कशाची म्हणून खेळत. हे विचारायला पाच मिनिटे लागतात आणि त्यासाठी टेम्पोवाला थांबत नाही, संग्राहक थांबू शकतो. बोलता बोलता म्हातारी बहुधा एखादी वस्तू उचलून हातात धरते. ताक घुसळायची रवी असेल, बोटाएवढी, दोरी कधीच गळून गेलेली. ती तिच्याच हातात राहू द्यावी, तिचा भाव विचारू नये, आणि चिठ्ठीवर लिहावे: रवी घरी आहे.