शांतीचा उपदेश व विश्रांतीचा हिशेब

मनःशांतीचा उपदेश हल्लीं इतका स्वस्त झाला आहे कीं, तो ज्याच्या कानीं पडला नाहीं असा सुशिक्षित मनुष्य सांपडणें कठीण. व्याख्यानमालांत तो आहे, रविवारच्या पुरवण्यांत तो आहे. खिशांतल्या मोबाइलमध्यें घंटा वाजवून श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगणारा यांत्रिक गुरुहि आहे. या सर्वांचें सूत्र एकच: शांति आंत आहे, परिस्थिति कशीहि असो, मन आवरलें म्हणजे झालें. या सूत्रांत अर्धें सत्य आहे हें मी नाकारीत नाहीं. परंतु उरलेलें अर्धें सोयिस्करपणें गाळल्यामुळें तें थकलेल्या माणसावर अन्याय करणारें झालें आहे, असें माझें स्पष्ट म्हणणें आहे.

हे उपदेशक ज्या ग्रंथाचा आधार घेतात त्याकडेच प्रथम पाहूं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत ध्यानयोगाचें विवेचन आहे. तेथें आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृति या सर्वांना प्रमाण असावें अशी अट घातली आहे. जो अति जागतो त्याला योग साधत नाहीं, असेंहि सांगितलें आहे. म्हणजे ध्यानाआधीं झोपेचा हिशेब आला. पहांटे पांचाची लोकल गाडी गांठून रात्रीं दहाला घरीं परतणाऱ्या माणसाला पद्मासन शिकविण्यापूर्वीं, त्याला झोपावयास किती तास उरतात हें विचारणें शास्त्राला धरूनच आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास या बाबतींत फार बोलका आहे. महात्मा फुल्यांचे अनुयायी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. तेथें तयार झालेल्या अर्जावर सुमारें साडेपांच हजार कामगारांनीं सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पगार वेळेवर. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनींहि तेथें भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. सूर्यास्ताला काम थांबावें एवढेंच ज्यांचें मागणें होतें, त्यांचें नित्याचें जिणें कसें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांना कोणी 'मन आवरा' असें सांगितलें असतें, तर अध्यात्माच्या नांवाखालीं ती मालकाची वकिलीच झाली असती. आज मनःशांतीचीं शिबिरें बहुधा याच रविवारीं भरतात, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

यावर आमच्या संतांचा दाखला पुढें केला जातो. सावता माळ्यानें मळ्यांतच पंढरी पाहिली, मग आपणांस कामांत शांति कां मिळूं नये? दाखला उत्तम आहे. पण सावता माळी आपल्या मळ्याचा धनी होता. खुरपें केव्हां उचलावें व केव्हां ठेवावें हें त्याचें त्यानें ठरवावयाचें होतें. सांच्याचा वेग दुसऱ्यानें ठरविलेला असतो. कचेरीचा निरोप रात्रीं अकरालाहि येतो, आणि उत्तर तात्काळ हवें असतें. फ्रान्सांत २०१७ च्या आरंभापासून पन्नास व अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर असे निरोप न पाहण्याच्या हक्काविषयीं नोकरांच्या प्रतिनिधींशीं वाटाघाटी कराव्या लागतात. तेथें हा कायद्याचा विषय झाला. आपण मात्र तो अजून प्राणायामाचा विषय समजतों!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्यांना फुरसत आहे त्यांना तरी शांति कोठें आहे? मोकळी संध्याकाळ मिळाली कीं, तीहि मोबाइलच्या पडद्यावर उधळली जातेच ना? जाते, हें कबूल केलें पाहिजे. परंतु यावरून फुरसत निरुपयोगी ठरत नाहीं. पाटी कोरी असल्यावाचून अक्षर काढतां येत नाहीं. कोऱ्या पाटीवर अक्षर आपोआप उमटत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. ज्यांची पाटी कोरी आहे त्यांना मनोनिग्रहाचा उपदेश अवश्य करावा. ज्यांच्या पाटीवर दुसऱ्यानेंच काठोकाठ लिहून ठेवलें आहे, त्यांना तो करणें ही थट्टा आहे.

आणि अशी पाटी शोधावयास गिरणीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. ती आपल्या स्वयंपाकघरांत आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें जातात, तर तें करणाऱ्या पुरुषांचीं ९७. गृहस्थ दिवाणखान्यांत डोळे मिटून बसतात, तेव्हां त्यांच्या ध्यानाची शांतता राखण्यासाठीं आंत कोणीतरी भांडीं न वाजवितां घासत असतें. त्या बाईला 'तूंहि जरा ध्यान करीत जा' असें सांगणें सोपें आहे.

जनाबाईची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. ती दळूं लागली तेव्हां विठ्ठलानें तिला मनःशांतीवर प्रवचन दिलें नाहीं. तो जात्यापाशीं बसला आणि त्यानें खुंट्याला हात लावला. भक्तीचा हा अर्थ ज्यांना पटतो, त्यांनीं दुसऱ्याला शांत होण्यास सांगण्यापूर्वीं त्याच्या कामाचा निम्मा भार उचलावा. तितकें झाल्यावर जो उपदेश करावयाचा राहील तो फार थोडा असेल, आणि तेवढा ऐकावयास माणसें जागीं राहतील.